बेवारस कप्पा

माझी वहिनी घराची किल्ली दाराला तशीच लटकवून ऑफिसला येते. भाऊ चिडतो, मी चिडते, ती हसते. आम्ही दोघी एकाच छोट्या कंपनीत. आमचा प्रोग्रॅम रक्तपेढ्यांच्या फ्रिजवर लक्ष ठेवतो. आतलं तापमान चढलं की भोंगा वाजवतो. त्याला लागणारे तयार तुकडे, म्हणजे पॅकेजं, इंटरनेटवरून यायची. एकदा कुणीतरी स्वतः बनवलेलं पॅकेज तिथून काढूनच घेतलं आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. तेव्हा वहिनीनं ऑफिसातल्याच सर्व्हरवर कोठी उभी केली. प्रत्येक पॅकेज आणि आमच्या प्रोग्रॅमची प्रत्येक जुनी आवृत्ती त्यात. मी तिला वहिनी म्हणते, म्हणून सगळं ऑफिस वहिनीच म्हणतं, साहेबसुद्धा.

कोठी चालायची कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या, केव्हाही पाडून नव्यानं उभारता येणाऱ्या तात्पुरत्या खोलीत; माल राहायचा बाहेरच्या कप्प्यात. "कंटेनर मेला तरी चालेल गं, माल जगला पाहिजे," हे तिनं मला इतकं ऐकवलंय की माझे कान किटले.

त्या दिवशी सकाळी तिनं पहिल्यांदाच जुना कंटेनर पाडून नवा उभा केला. दुपारी रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"नवी आवृत्ती टाकल्यापासून भोंगा मुका झालाय. मी फ्रिजसमोर उभा राहून आकडा बघतोय. जुनी आवृत्ती द्या, आणि लवकर द्या."

वहिनीनं कोठी उघडली. आत काहीच नव्हतं.

"किल्लीसारखंच केलंस ना?" मी बोलून गेले. राग आला होता, त्याहून जास्त भीती वाटत होती. ती कंटेनरला लिहून दिलेल्या सूचना ओळ न् ओळ तपासत होती. एका जागी तिचं बोट थांबलं. कप्प्याचा पत्ता लिहिताना तिनं एक अक्षर गाळलं होतं. तिनं नेमून दिलेला कप्पा पहिल्या दिवसापासून कोरडा होता.

"मग इतके दिवस माल होता कुठे?"

"पत्ता जुळला नाही की कंटेनर स्वतःच एक कप्पा करून घेतो. बिननावाचा. नव्या कंटेनरनं नवा कप्पा केला असणार. जुना पडलाय कुठेतरी."

मला हायसं वाटलं. तिचा चेहरा मात्र उतरला. पडद्यावर वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवाल्याचा निरोप आला होता: 'डिस्क भरली आहे. बेवारस कप्पे पुसायला घेतो.' आम्ही त्याला म्युनिसिपालटी म्हणतो. उचलायला निघाला की कुणाचं काय ते विचारत नाही.

फोन लावला. उचलेना. लिफ्टची वाट न बघता आम्ही जिना चढलो. वहिनीची एक चप्पल वाटेतच राहिली.

तो कानात गाणी लावून डुलत होता. वहिनीनं त्याचे हेडफोन ओढून काढले.

"आमचं मशीन पुसून झालं?"

"शेजारचं झालं. आता तुमचंच घेतोय. का हो, वहिनी?"

"हात लावू नकोस. त्यातला एक कप्पा माझा आहे."

त्यानं यादी उघडली. नावांच्या जागी नुसती लांबलचक अक्षरं आणि आकडे. एकेक कप्पा उघडायला लागलो. रिकामा. कुणाचा तरी कचरा. पुन्हा रिकामा. तंत्रज्ञाचा पुन्हा फोन आला, आकडा हळूहळू चढतोय म्हणून. मी मनातल्या मनात वहिनीची माफी मागत होते. पुढचा कप्पा उघडला आणि आमच्या सगळ्या आवृत्त्या एकाखाली एक दिसल्या.

जुनी आवृत्ती रक्तपेढीकडे रवाना झाली. वहिनीनं फोन स्पीकरवर टाकला. "भोंगा वाजतो का बघायला जरा फ्रिजचं दार उघडं ठेवा," तिनं तंत्रज्ञाला सांगितलं. मग तिकडून भोंगा असा केकाटला की म्युनिसिपालटीनं कान झाकले. वहिनी खाली बसली आणि रडली.

"आता याला नाव देऊन टाकू," तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा बेवारस ठरायला नको. काय देऊ?"

"माझं दे," वहिनी डोळे पुसत म्हणाली.

त्याची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली. तीन वर्षं तो तिच्या हातचा चहा पीत होता आणि तिला नुसतं वहिनीच म्हणत होता. त्यानं ओशाळून माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर वहिनीनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला होता. तिनं एकेक अक्षर सावकाश टाइप केलं, आणि एकही गाळलं नाही ना, ते दोनदा वाचून पाहिलं.