खोडलेला एडिस

किसन शिंगाडे गेल्याचे मला दहाव्यानंतर कळले. शोकसभेला मात्र वेळेवर पोहोचलो. ज्यांनी हयातभर त्यांना ‘मच्छर मास्तर’ म्हणून हिणवले, तेच व्यासपीठावरून त्यांच्या निष्ठेचे गोडवे गात होते. किळस आली. मग माझे नाव पुकारले गेले, आणि मीही बोललो...

शिंगाडे आमच्या कार्यालयात कीटक समाहारक होते. डास पकडायचे, ओळखायचे, जातीनुसार नोंदवायचे, हे त्यांचे काम. मागचा भाग उंचावून भिंतीवर बसतो तो ॲनोफिलिस, हिवतापाचा. अंग भिंतीला समांतर ठेवतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असले की एडिस, डेंग्यूचा. काचेच्या नळीत तोंडाने ओढून ते डास अलगद धरत. पंख चुरगळला की जात ओळखणे अवघड होते. म्हणून डासाला चापट मारणाऱ्यावर ते मनापासून चिडत.

एका वसाहतीत डेंग्यू पसरला. नळाला आठवड्याने पाणी येई, त्यामुळे घरोघर पिंपे भरलेली. त्या पिंपांत शिंगाड्यांना एडिस सापडला. वरिष्ठांना तो नको होता. पिंपे का भरावी लागतात, हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला असता. क्युलेक्स सोयीचा. तो गटारातला. गटारावर धूर सोडता येतो, छायाचित्र काढता येते.

मी त्यांचा अधिकारी. म्हणालो, “शिंगाडे, क्युलेक्स लिहा.”

“मी लिहीन साहेब, पण डास ऐकंल का? माझ्यासंगं त्याचीबी बदली काढा तिकडं आडबाजूला सोयगावला.”

त्यांनी लिहिले नाही. एडिस खोडून मीच क्युलेक्स लिहिले. धूर झाला, छायाचित्र छापून आले. पिंपांना कोणी हात लावला नाही. पंधरवड्यात तिथली एक शाळकरी मुलगी दगावली. बदली झाली ती शिंगाड्यांची.

त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. भेटले की नमस्कार करीत... त्या नमस्काराचा मला राग येई.

परवा दौलताबादला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी अंगणात पिंप आडवे करून आतून काथ्याने घासत होत्या. पाणी नुसते ओतून भागत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटून राहतात. दर आठवड्याला हे काम शिंगाडे स्वतः करीत.

“लई घासायचे हे,” त्या म्हणाल्या. “शेजारी हसतेत म्हणलं, तर म्हणायचे, आमच्या साहेबांना इचार, त्यांना समदं ठाऊक हाय. व्हय ना, साहेब?”

“हो,” मी म्हणालो. “ठाऊक होतं.”

त्या पुन्हा घासू लागल्या.