कुजबुजत केलेलं भांडण

समुपदेशक मॅडमच्या दाराबाहेर समोरच्या बाकावर एक जोडपं भांडत होतं, पण कुजबुजत. यांच्याही घरी आजारी मूल असणार, हे मी लगेच ओळखलं. आमच्या मीनूची झोप मोडली की तिला फिट येते. त्यामुळे कांद्याच्या लिलावात ज्याच्या आवाजाला सगळं यार्ड वचकतं तो मी, घरी बायकोशी कित्येक वर्षं दबक्या आवाजातच भांडतो आहे. असं भांडण मिटत नाही. ते नुसतं उद्यावर जातं, आणि दोघांनाही थकवून जातं. माझी तक्रार तर साधीच आहे: दमून घरी आलो तरी ‘जेवलात का’ एवढंही ही विचारत नाही.

आत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “इथे मोठ्याने बोला. मीनू मावशीकडे आहे ना?”

“जेवलो का म्हणून कधी विचारतेस तू?” मी ओरडलो.

“आणि मला कोण विचारतं हो? तुमचे कांदे?” सुमन माझ्याहून मोठ्याने ओरडली.

तिचा हा आवाज मी विसरूनच गेलो होतो. आम्ही दोघांनीही घाबरून दाराकडे पाहिलं, मीनू उठली की काय म्हणून.