काशाप्पाची बारकी रेल्वे

काशाप्पा मूळचा खटकचिंचोळीचा. घराणं मेंढरं राखणारांचं. बापानं शेवटची मेंढरं विकली तेव्हा काशाप्पाला नुकती मिसरूड फुटली होती. मेंढरं गेली, पण टेकाडावर चढून लांबवर बघत बसायची खोड काही गेली नाही. पुढं लग्न झालं, जगदेवीला घेऊन तो बिदरला आला, मैलुरात बिऱ्हाड केलं आणि जवळच्याच कोळारच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका डाळीच्या गोदामात कामाला लागला. तिथंही उंची त्याच्या वाट्याला आलीच. गोदामाच्या आवारात पाण्याची एक उंच टाकी होती. मोटार लावायची आणि टाकी भरत आली का ते वर चढून बघायचं, हे काम काशाप्पाकडं. खरं तर टाकी भरली की एका नळीतून पाणी धो-धो खाली पडायचं, ते आंधळ्यालाही कळलं असतं. पण सुपरवायझर शिवप्रसादनं हे कधी विचारलं नाही आणि काशाप्पानं कधी सांगितलं नाही.

टाकीवरून लांब रूळ दिसायचे. गाडी आली की काशाप्पा मांडी घालून बघत बसायचा.

एका सकाळी त्यानं खिशातून मोबाईल काढला. मोबाईल लेकीचा, रेणूचा. कॉलेजला जाताना तिनं नवा घेतला आणि जुना बापाकडं आला. गाडी येताना बघून काशाप्पानं तो डोळ्यापुढं धरला. आता काशाप्पाचा अंगठा म्हणजे पोती उचलून उचलून खुरप्याच्या मुठीएवढा झालेला. एक चिन्ह दाबायला गेला तर शेजारची दोन दबायची. तसंच कायतरी दबलं आणि फोटो निघाला.

फोटो बघून काशाप्पा टाकीवरच हसत सुटला. मधोमध गाडी लख्ख, वरचं आभाळ आणि खालचं रान धुक्यात बुडाल्यासारखं, आणि रंग तर जत्रेतल्या खेळण्याचे. डबे म्हणजे निळ्या साबणाच्या वड्या एकापुढं एक मांडलेल्या. झाडं म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या. फाटकापाशी उभी असलेली म्हैस कारहुणवीच्या सणाला पुजायच्या मातीच्या बैलाएवढी. हात घालावा, गाडी उचलावी आणि खिशात टाकावी असं खुद्द काशाप्पालाच वाटलं.

त्यानं तो फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. लगेच खटकचिंचोळीहून मेहुण्याचा, सिद्धरामचा निरोप आला, "दाजी, खेळणं लई झकास! कुठून आणलाव?"

काशाप्पानं लिहिलं, "खेळणं न्हाई. खरी गाडी हाय."

त्यावर ग्रुपभर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काशाप्पाला राग आला. दुसऱ्या दिवशी त्यानं मालगाडीचा फोटो टाकला. सिद्धराम म्हणाला, "मालगाडी बी घेतलाव? आमाला कळू न देता?"

जेवढे फोटो जास्त, तेवढं प्रकरण वाढत गेलं. खटकचिंचोळीत बातमी पसरली की काशाप्पानं मैलूरच्या घरात अख्खी रेल्वे मांडलीय. बसस्टँडपर्यंत जाता जाता तिला बोगदा जोडला गेला. आणि जगदेवीची मावशी, नागूबाई, हिच्या कानी पडेपर्यंत त्या रेल्वेची शिट्टी वाजायला लागली होती आणि इंजनातून धूरही निघत होता.

नागूबाईचा फोन जगदेवीला आला. "काय गं जगदेवे, घरात एवढं खेळणं मांडलाव अन आमच्या लेकरांना एक बार 'या' म्हणलं न्हाईस?"

"मावशी, कसलं खेळणं गं?"

"आता मलाच इचारायलीस व्हय? सगळ्या गावाला ठावं हाय!"

संध्याकाळी काशाप्पा घरी आला तर जगदेवी दिवाणाखाली डोकं घालून बघत होती. माळा बघून झाला होता, ज्वारीच्या पिपातही हात घालून झाला होता.

"अवो, खरं सांगा. कुटं ठिवलाव?" ती म्हणाली.

"काय?"

"रेल्वे."

काशाप्पानं कपाळावर हात मारला. शेवटी रेणूनं आईला समजावलं, "अव्वा, मोबाईलमधी ती सोय हाय. वरचं-खालचं धूसर होतंय, मधलं तेवढं लख्ख दिसतंय. मग मोठी वस्तू बी खेळण्यावानी दिसतीया. आप्पाचा अंगठा लागला असंल."

जगदेवीला अर्धं पटलं. रेणूनं हेच मामाला फोनवर सांगितलं. सिद्धराम म्हणाला, "लेक बापाच्याच बाजूनं बोलणार की!"

आता मात्र काशाप्पा इरेला पेटला. "सिद्धराम," तो फोनवर ओरडला, "तू सोता भालकीला गाडीत बस. दारात उभा ऱ्हा अन लाल टावेल हालव. मी टाकीवरून फोटू काढतो. मग तर पटंल?"

सिद्धराम पैजेला तयार झाला. ठरल्या दिवशी पिवळा शर्ट घालून, मिशांना पीळ देऊन तो गाडीच्या दारात उभा राहिला आणि कोळार जवळ आल्यापासून टावेल असा हलवत सुटला की मागच्या म्हातारीला वाटलं गाडीला आग लागली. काशाप्पानं फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आता बोला."

मंडळी बोलली. "आरं वा! सिद्धरामचं बाहुलं बी केलंय!" "मिशा बगा, अगदी हुबेहूब!" "शर्ट बी तोच रंगवलाय!"

फोटोत निळ्या डब्याच्या दारात एक पिवळं प्लास्टिकचं बाहुलं हात वर करून उभं होतं. खुद्द काशाप्पानं बारकाईनं बघितलं आणि त्यालाही ते विकत घ्यावंसं वाटलं.

सिद्धराम गावात परतला तो दारोदार सांगत फिरायला लागला, "आवं बाहुलं न्हाई, मी हाय मी! सोता गाडीत होतो!" लोक माना हलवायचे. किराणा दुकानदार अंबाजीनं तर त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सिद्धराम, दाजीनं तुला कशावर फितवलं रं?"

संध्याकाळी काशाप्पाला फोन आला. सिद्धरामचा आवाज पडलेला. "दाजी, मी खरंच दारात होतो ना?"

"होतास की!"

"मग बरं," सिद्धराम म्हणाला. "आता माजाच भरवसा उडायला लागलाय."

रविवारी पाव्हण्यांची जीप मैलुरात दाराशी थांबली. पुढच्या सीटवर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन नागूबाई, मागं सिद्धराम आणि लेकराबाळांसकट दाटीवाटीनं बसलेली भावकी. नागूबाईनं घरात पाय ठेवला, चारी कोपरे बघितले आणि म्हणाली, "दावा."

काशाप्पानं वाद घातला नाही. सगळ्यांना जीपमधूनच घेऊन तो गोदामावर गेला. शिवप्रसादला वाटलं, एवढी माणसं आलीत म्हणजे कायतरी तक्रार. कारण कळल्यावर तो काशाप्पाच्या कानाशी येऊन म्हणाला, "खेळणं असंल तर मला बी दाखवा की, अण्णा."

टाकीच्या शिडीकडं बघून एकेकाचे गुडघे दुखायला लागले. नागूबाईनं मात्र लुगड्याचा काष्टा आवळला आणि चढायला सुरुवात केली. उभी हयात टेकाडं चढण्यात गेलेली बाई ती. शिडीला काय भिणार? मागून काशाप्पा, "मावशी, सावकाश... मावशी, सावकाश..." करत धापा टाकत होता.

वर पोचल्यावर नागूबाई ऐसपैस बसली. गाडी आली. नागूबाईनं एक डोळा मिटला, चिमूट पुढं केली आणि डबा चिमटीत धरून बघितला.

"बसतीया की!"

"मावशी, लांब हाय म्हणून बारकी दिसायलीय."

नागूबाईनं त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "जावईबापू, लांबचं मला शिकवू नका. मेंढरं राखलीत मी. लांबचं मेंढरू बी मला मेंढराएवढंच दिसतंय."

नागूबाईनं कठड्यावरून वाकून खालच्या मंडळींना निकाल सांगितला, "खरीच हाय गं! पन बारकी हाय!"

खाली दोन तट पडले. 'खरी हाय' म्हणणारे सिद्धरामच्या बाजूला गेले, 'बारकी हाय' म्हणणारे जीपच्या बाजूला. नागूबाई मात्र खाली यायचं नाव घेईना. तिला मालगाडी बघायची होती. शेवटी बादलीला दोर बांधून भाकरी आणि शेंगाची चटणी वर पाठवावी लागली. मालगाडी दुपार कलल्यावर आली. ती चिमटीत मावेना म्हणून नागूबाईनं दोन्ही हातांनी मोजली आणि मगच उतरली.

"मावशी, घरी गाडीनंच जावा," काशाप्पा म्हणाला आणि जीप रिकामी पाठवून सगळ्यांना बिदरच्या स्टेशनात घेऊन गेला.

गाडी धडधडत फलाटाला लागली. नागूबाई मान वर करत गेली, करत गेली, इतकी की डोक्यावरचा पदर मागं पडला. दाराच्या दांड्या तिच्या डोक्याच्याही वर.

"जावईबापू," शेवटी ती म्हणाली, "हे कवा वाढविलं?"

काशाप्पानं रेणूकडं बघितलं, सिद्धरामकडं बघितलं. मग हात जोडून म्हणाला, "आत्ताच, मावशी. तुमी बसणार म्हणून."

"आसं सांगा की मग," नागूबाई म्हणाली आणि खूश झाली. सिद्धरामनं आतून ओढलं, जगदेवीनं मागून रेटलं, आणि नागूबाई खिडकीत जाऊन बसली.

काशाप्पा गाडीच्या इतक्या जवळ कधी उभा राहिला नव्हता. टाकीवरून अख्खी गाडी एका नजरेत यायची. इथं नुसती चाकं, नुसता आवाज. त्यानं फोटो काढला, तर त्यात डब्याचा एक तुकडा आणि नागूबाईचं अर्धं नाक आलं. तोच त्यानं ग्रुपवर टाकला.

अंबाजीचं उत्तर आलं, "ही खरी वाटायलीय. कुठली हाय?"

यानंतर काशाप्पानं कुणाला काही पटवायचं सोडून दिलं. आता लोकच त्याला गाठतात. कुणाला ट्रॅक्टरचं खेळणं करून पाहिजे, कुणाला नव्या घराचं. शिवप्रसादनंही गोदामाचं करून घेतलं आणि मोबाईलवर लावलं.

मागच्या आठवड्यात जगदेवी डबा घेऊन गोदामात आली. काशाप्पा टाकीवरच होता. तिनं खालून हाक मारली, "अवो, माजा बी एक काढा की!" आणि कमरेवर हात ठेवून आवाराच्या मधोमध उभी राहिली. काशाप्पानं काढला आणि खाली उतरून दाखवला. हिरव्या लुगड्यातली बोटभर बाहुली, पायाशी डाळीच्या दाण्याएवढा डबा. जगदेवीनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अगं बया," ती म्हणाली, "एवढी बारीक तर मी लग्नात बी नव्हते!"