पहिली टाळी

काल कोर्टाच्या आवारात कुणीतरी खटला जिंकल्याचा नारळ फोडला. साक्षीच्या पुकाऱ्याची वाट बघत मी पेंगत होतो; ओल्या खोबऱ्याच्या वासाने थेट चामोर्शीकडच्या त्या निवासी शाळेच्या मांडवात नेऊन बसवलं.

त्या दिवशी तिथं स्नेहसंमेलन होतं. झाडीपट्टीच्या नाटकातला मी विनोदी नट, गालांना लाल रंग फासून मंचावर हजर. शाळेच्या अधीक्षकाविरुद्ध तक्रार घेऊन शांताबाई कितीदा तरी येऊन गेली होती. तिला गप्प करायला मुख्याध्यापकांनी झकास युक्ती काढली. 'आदर्श माता' म्हणून शाल आणि नारळ!

शाल खांद्यावर पडताच तिनं माझ्या हातातला माइक ओढला. "शाल नोको मले, गुर्जी. तुमच्या अधीक्षकानं माह्या पोरीच्या अंगाले हात लावला. तक्रार काऊन घेत नाई तुमी?"

मग मुख्याध्यापकांनी हसत टाळी वाजवली. लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं. टाळ्यांचा असा कडकडाट मला जन्मात मिळाला नाही. शांताबाई नारळ धरून तो थांबायची वाट बघत राहिली.

तक्रार दडपणाराही गुन्हेगार, असं कायदा म्हणतो. फक्त फार सावकाश म्हणतो. काल मुख्याध्यापकांचे वकील म्हणाले, "माझ्या अशिलाच्या कानावर काही आलंच नव्हतं."

"आलं होतं साहेब," मी म्हणालो. "पहिली टाळी त्यांचीच होती."

मागच्या बाकावरून शांताबाईचा थकलेला आवाज आला, "आता तरी लिवून घ्या."