देवाच्या हिश्श्याचं घर आणि आमचे काका

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांइतका वाइनवर अधिकाराने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांनी आयुष्यात तिचा थेंबही चाखलेला नाही. चिप डिझाइनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते एका रविवारी द्राक्षमळ्यांच्या गावी फिरायला गेले आणि तिथल्या एका जुन्या दगडी घराच्या प्रेमात पडले. गाव वसवणारी मंडळी भाविक. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायची, आणि तो हिस्सा, द्राक्षं असोत की वाइनची पिंपं, या घरात जमा व्हायचा. इतिहास एवढाच, पण काका सांगायला बसले की दुपार संपायची. शेवटी गावाने त्यांना गाइडच करून टाकलं. दर शनिवारी दडप्या पोह्यांचा डबा घेऊन ते स्वतः ड्राइव्ह करत जायचे. काकू म्हणायच्या, "माझ्या माहेरचं गाव विचारा ह्यांना, आठवायचं नाही. त्या घराची मात्र कौलंसुद्धा पाठ आहेत."

त्यांचा नियम एकच: चपला बाहेर. देवाचा हिस्सा जिथे राहिला ते देवघरच, असं त्यांचं म्हणणं. एक धिप्पाड मळेवाला बूट काढायला कुरकुरला, तर काका स्वतःच त्याच्या लेस सोडायला वाकले. पुढे सगळं गावच मुकाट्याने दाराशी बूट काढू लागलं.

मग गावच्या कमिटीने ते घर बारसाठी भाड्याने द्यायचं काढलं. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. निर्णयाची मीटिंग त्या घरातच होती. मीच त्यांना घेऊन गेलो. आठवडाभर घोकलेलं भाषण ते उभं राहताच विसरले. अध्यक्षबाई आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या मोज्यांकडे बघत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "इथे बार काढायचा म्हणतो, आणि बूट घालून आत यायची आपलीच हिंमत होत नाही." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि बेत बारगळला. परतताना काका गाडीत मोठमोठ्याने गात होते. सुराचा पत्ता नव्हता, पण मी रेडिओ लावला नाही.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा दोघांनाही तिकडे शिकागोजवळ, शॉमबर्गला घेऊन गेला. गेल्या शनिवारी त्यांच्याऐवजी ते घर मी उघडलं. एका वयस्कर जोडप्याला जमेल तसा इतिहास सांगितला आणि काकांना फोन केला. त्यांनी माझ्याकडून सगळं पुन्हा म्हणून घेतलं आणि जागोजागी चुका काढल्या.

"पाचपर्यंत थांबशील ना रे?" त्यांनी हळूच विचारलं. "शेवटच्या तासाला कुणीतरी येतंच."

कुणीच आलं नाही. मला त्यांची फार आठवण येत होती. पाच वाजून गेले तरी दार लावायचं माझं मन होईना.