वाळूत रोवलेली काठी

आमचा पलूसचा जीपवाला दर वर्षी आम्हाला कोकणातल्या त्याच कोळ्यांच्या गावी आणतो, आणि गाडी मात्र घाटाकडं तोंड करूनच लावतो. ताटात ताजी सुरमई असली तरी त्याचं एकच, ‘कवा निघायचं?’ मला रागच यायचा.

यंदा त्यानं सकाळी पाण्याच्या कडेला काठी रोवली. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आम्ही रोवतो, तशी. दुपारी काठी बुडाली. आम्ही पोहून येतो तर सगळ्या बॅगा टपावर बांधलेल्या.

बोंबील वाळत घालणारी म्हातारी हसली. ‘अरे, भरती ती. सांजेला उतरेल पाणी.’

‘आवं आज्जी,’ जीपवाला म्हणाला, ‘म्हापुराच्या वक्ताला आमच्याकडं बी समदी आसंच म्हनत हुती.’

बॅगा उतरव, असं कुणीच म्हणालं नाही.