अक्का, एकदा तरी चल

सुदाममामा गेल्याची बातमी आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. सकाळची शाळा, पहिलाच तास, नववीच्या वर्गात आम्ल आणि आम्लारी शिकवत होते. टेबलाच्या खणात फोन थरथरत होता. दोनदा दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा मामीचं नाव बघून वर्गाबाहेर आले. घरी पोचले तेव्हा आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी कसंबसं सांगितलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठं होता? रानात?" म्हटलं, "नाही गं, घरी. सोफ्यावर. चहा पीत होता." आईनं जुडी परत उचलली. म्हणाली, "मग खरं नसंल. सुदाम घरात कसा जाईल?"

त्याला आता पाच आठवडे झाले. हे लिहायला बसले तर रडू कमी आणि हसू जास्त येतंय, आणि मामाला ते चाललं असतं. हा माणूस एक दिवस रानातच राहणार, हे आईनं गेली वीस वर्षं घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. साप चावंल, पाण्यात वाहून जाईल, कड्यावरून पडंल... तिच्याकडं यादीच होती. साप एकदा खरंच त्याच्या बुटात निघाला. मामानं बूट हळूच आडवा केला, साप निघून जाईपर्यंत वाट बघितली आणि तोच बूट घालून डोंगर चढला. अशी सगळी संकटं टाळून हा गडी गेला तो नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, चहात बिस्कीट बुडवताना. त्याला हे दुसऱ्या कुणाबद्दल सांगितलं असतं तर पोट धरून हसला असता.

मामा आईपेक्षा सात वर्षांनी लहान. दहावी, मग आयटीआय आणि मग अंबडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी. सुट्टीच्या दिवशी लोक सासुरवाडीला जातात, हा गळ घेऊन गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर जायचा. कणकेत हळद आणि थोडा लसूण मळून गोळी करायचा. चिलापी माशाला लसूण आवडतो असं त्याचं ठाम मत होतं. पुढं तंबू आला, दोर आले, होकायंत्र आलं. निवृत्तीनंतर तर तो दहा-बाराजणांना घेऊन सुरगाण्याच्या डोंगरात दोन-दोन दिवस मुक्कामाला जाऊ लागला. कॉलेजातले, कंपन्यांतले, एक दातांचे डॉक्टर, असे कुणीही. ओलं लाकूड कसं पेटवायचं, नदीच्या कोरड्या पात्रात तंबू का टाकायचा नाही, रस्ता चुकला तर काय करायचं, हे शिकवायचा. रस्ता चुकण्यावर त्याचा धडा एका ओळीचा होता. "बसा. चालू नका. पाणी प्या आणि ऐका. कुठंतरी कोंबडा नाहीतर ट्रॅक्टर ऐकू येतोच."

त्याची पहिली विद्यार्थिनी मी. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे, तो मी लपवत नाही. निकाल लागला त्या दिवशी आईनं अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. मामा म्हणाला, "पेढे सगळेच देतात, मी भाचीला पार्टी देतो," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला स्कूटरवर मागं बसवून धरणावर घेऊन गेला. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, सगळं ओलं. त्यानं तीन दगड मांडले, काडेपेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बीएस्सी झालीस ना? पेटव." ज्वलनाला काय काय लागतं ते मला पाठ होतं. अर्धी काडेपेटी संपली, डोळ्यांतून पाणी आलं, केसांना धूर लागला, जाळ काही होईना. मामा मांडी घालून मजा बघत होता. शेवटी त्यानं विळ्यानं एका फांदीची ओली साल सोलून काढली. आतलं लाकूड कोरडं ठणठणीत! त्याच्या बारीक ढलप्या काढल्या, खाली गोवरीचा तुकडा सरकवला, आणि म्हणाला, "मॅडम, फुंकर खालून मारा. वरून मारली की वाढदिवस होतो." त्या दिवशी मिळालेला एकुलता एक मासा आम्ही दोघांनी वाटून खाल्ला. अजूनही नववीला ज्वलन शिकवताना मी पुस्तक मिटून ओल्या फांदीची साल काढून दाखवते. मुलांना ते बरोबर लक्षात राहतं.

आईला मात्र यातलं काही सहन व्हायचं नाही. तंबू आणला तेव्हा ती म्हणाली, "चांगलं स्लॅबचं घर सोडून झोपडीत झोपायला जातो! लोकांला वाटंल बायकोनं हाकललं." रानभाज्या ओळखायला शिकवतो म्हटल्यावर म्हणाली, "टाकळा खायला शिकवतो? आम्ही खाल्ला तेवढा बास झाला." आणि मामाचा एकच धोशा होता. दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात, फोनवर, दारात चप्पल घालता घालता, "अक्का, एकदा तरी चल." आई दरवेळी एकच उत्तर द्यायची, "माझं झालंय सगळं. तू जा."

एकदा तर त्यानं आईला सवय व्हावी म्हणून आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर तंबू लावला. तंबू पिवळाधमक. खालच्या जोशीकाकू, शेजारचे पवार, सगळे एकेक करून विचारायला यायला लागले, "कुणाची हळद आहे हो?" आई वैतागून म्हणाली, "ह्याची. ह्याचं परत लगीन लावायचं हाय, बघा कुणी असंल तर." मामी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "ताई, बघाच. मला पण सुट्टी मिळंल."

आईचा हा राग नुसता काळजीचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. आजी-आजोबा देवळ्याकडचे. काम मिळेल तिकडं जायचे, आणि एका वर्षी ते गिरणेच्या काठावर वीटभट्टीवर होते. दिवसभर दोघं कामावर, आणि खोपीत अकरा वर्षांची आई आणि चार वर्षांचा मामा. त्याला सांभाळायला म्हणून आईला चौथीतून काढलं, ती शाळा परत सुरू झालीच नाही. मामा पुढं शिकला. त्यामुळं मामानं चूल मांडली, मासे धरले की आईला तेच दिवस दिसायचे, आणि ह्याला त्याची हौस वाटते याचा तिला संताप यायचा. मी एकदा मामाला स्पष्टच विचारलं, की तिला दुखतं हे माहीत असून तू का मागं लागतोस? मामानं गळाची दोरी गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "तिला वाटतं मी त्या दिवसांची चेष्टा करतो. अगं, मला आठवतंय ते तिथूनच पुढचं सगळं. आई-बाबा त्यात कुठं दिसत नाहीत, नुसती अक्काच दिसते. जाळ करणारी, मासे धरणारी... मला तर वाटायचं आपण मजा करायलाच तिथं राहतोय. तिनं मला कळूच दिलं नाही. आता ते तिला कसं सांगू? ती ऐकूनच घेत नाही."

गेल्या डिसेंबरात आई एकदाची मामाबरोबर रानात गेली. तिचा निग्रह मोडायला मामानं जी युक्ती केली तिला तोड नाही. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, अगदी रडवेला. पाड्यावरची सखूबाई, जी नेहमी गटाला नागलीच्या भाकरी करून द्यायची, ती लेकीकडं गेली म्हणे, आणि बाराजण उपाशी राहणार. आई म्हणाली, "बाराजण? पाव खा म्हणावं." मग दहा मिनिटांनी म्हणाली, "पीठ तरी चाळून आणलंय का त्यानं?" आणि जुन्या साडीत परात, तवा, पिठाची पिशवी बांधून सकाळी जीपमध्ये माझ्याआधी बसली. पाड्यावर पोचलो तर सखूबाई दारात उभी, हसत. "दादानंच सांगला, दोन दिवस येऊ नको म्हनून." आई मामाकडं ज्या नजरेनं बघत होती ती बघून दातांचे डॉक्टर दोन पावलं मागं सरकले. पण परत जायला जीप संध्याकाळपर्यंत नव्हती.

मग आईनं प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायला सुरुवात केली. चूल वाऱ्याच्या तोंडाला मांडली. लाकडं जाड घेतली. डॉक्टरांनी आणलेली परदेशी गळाची काठी तिनं हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "छत्री मोडली वाटतं." दुपारपर्यंत बारा लोक ओहोळाच्या काठावर रांगेत बसले आणि कुणाच्याही गळाला काही लागलं नाही. भाकऱ्या थापता थापता आईची चिडचिड वाढत चालली होती. "एवढ्या काठ्या, आणि मासा एक नाय! पाणी घोट्याएवढं, त्यात गळ कशाला टाकतात?" शेवटी तिनं हात धुतले, पीठ बांधून आणलेली जुनी साडी झटकली, नेसूचा काष्टा वर खोचला आणि पाण्यात उतरली. वळून न बघताच ओरडली, "सुद्या! टोक धर."

सुद्या. मामा तेव्हा बासष्टचा होता आणि त्या गटात सगळे त्याला 'सर' म्हणायचे. सर ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत ओढत पळतच गेले. दोघं साडी पाण्याखाली ताणून, वाकून, एकेक पाऊल मागं सरकत होते. मामानं घाईनं टोक उचललं, मासे निसटले. आई खेकसली, "तवाबी असाच करायचा! अक्कल आली नाय अजून." दुसऱ्यांदा जमलं. साडीत करंगळीएवढे मासे, पंधरा-वीस, चांदीसारखे उडत होते. मामा ओरडला, "अक्का, बघ!" आणि ती म्हणाली, "दिसतंय मला. टोक सोडू नको." तव्यावर नुसतं तिखट-मीठ लावून केलेले ते मासे सगळ्यांना दोन-दोनच आले. जीपमधून परत येताना आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "पाणी तसंच गार हाय." समोर बसलेल्या मामानं नुसती मान हलवली. त्यानंतर "एकदा तरी चल" असं त्यानं तिला परत कधी म्हटलं नाही. तिनंच जानेवारीत विचारलं, "पुढच्या खेपेला कवा जाणार?"

पुढची खेप झालीच नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्यातले, कॉलनीतले, आणि गटातले सगळे आले होते. बुद्धवंदना झाली, मग लोक एकेक उठून मामाबद्दल बोलले. बुटातला साप तिघांनी सांगितला आणि तिघांच्या सापाची लांबी वेगळी होती. मग गटातली प्राची म्हणाली, "मावशी, तुम्ही बोला ना." चार माणसांत आई कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "मला बोलता येत नाय." पण बसल्या जागी ती सांगायला लागली... गिरणा, वीटभट्टी, खोप. हे मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. आमच्या घरात 'ते दिवस' एवढाच त्याचा उल्लेख व्हायचा. "हा एवढुसा. मासा दिसला की टोक सोडून टाळ्या वाजवायचा. मासे जायचे पळून, आणि हा खूश!" लोक हसले. आईही हसली. प्राचीनं विचारलं, "पण साडी नक्की धरायची कशी? आम्हाला त्या दिवशी जमलंच नाही."

आईनं इकडंतिकडं बघितलं आणि मामीला म्हणाली, "चादर आण गं."

मामीनं पलंगावरची चादर आणली. लोक भिंतीला सरकले, हॉलच्या मधोमध जागा झाली. आईनं एक टोक स्वतः घेतलं, दुसरं मामीच्या हातात दिलं. "वाक. अजून वाक, पाणी घोट्याएवढंच असतं. आता मागं सरक... हळू... घाई करू नको..." सत्तर वर्षांची आई आणि साठीची मामी फरशीवरून एकेक पाऊल मागं सरकत सोफ्यापर्यंत आल्या. "आता उचल!"

दोघींनी एकदम उचलली. चादरीत काय असणार! पण दोघींनी वाकून आत बघितलं.